इटालियन मार्क्सवादी विचारवंत आंतोनियो ग्रामशीच्या 'तुरुंगातील टिपणवह्या' वाचताना वारंवार अडखळायला होते. सुरुवात कुठून करावी?

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, कारण हे सलग लिहिलेले पुस्तकच नाही. मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ मध्ये अटक केल्यानंतर ग्रामशीने १९२९ ते १९३५ या काळात प्रकृती ढासळत असताना या वह्या लिहिल्या, आणि तुरुंगाची तपासणी चुकवण्यासाठी मार्क्सवादाला तो बहुधा 'व्यवहाराचे तत्त्वज्ञान' म्हणतो. ही सांकेतिक भाषा ओळखीची झाली की निम्मी अडचण दूर होते. आधी त्याची तुरुंगातली पत्रे वाचावीत, मग बुद्धिजीवींवरचे टिपण.

'वर्चस्व' या संकल्पनेवर मात्र घाई न करता थांबावे. सत्ता केवळ बळावर टिकत नाही, ती लोकांच्या संमतीवरही उभी असते, हे मला उमगले ते लालबागच्या चाळीतल्या एका आठवणीमुळे. आयुष्यभर कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, राबलेले माझे आजोबा 'मालक आहे म्हणून आपली चूल आहे' असे मनापासून म्हणत, आणि त्यांना तसे म्हणायला कोणी भाग पाडलेले नव्हते. ग्रामशी ज्या न तपासता स्वीकारलेल्या रूढ धारणांना 'सामान्य समज' म्हणतो, ती हीच. प्रत्येक टिपणाशेजारी आपल्या परिसरातले असे एक वाक्य लिहून ठेवा. मला कोणत्याही प्रस्तावनेपेक्षा त्याचाच अधिक उपयोग झाला.