मिथ्रापासून नको, एल्युसिसपासून सुरू करा

ख्रिस्ती धर्मावर ग्रीक-रोमन जगातल्या गुप्त दीक्षापंथांचा प्रभाव किती, हे शोधायचंय? 'येशूसारखा रोमन काळातला देव मिथ्राही २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी जन्मला' हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. तो बाजूला ठेवा. शिल्पांत मिथ्रा खडकातून बाहेर पडताना दिसतो, तोही चांगला तरणाबांड. आई कुठून आणली कोण जाणे!

त्यापेक्षा अथेन्सजवळचं एल्युसिस धरा, धान्यदेवी देमेतरच्या गुप्त दीक्षाविधींचं ठिकाण. कथेत मुलगी पाताळात नेली म्हणून देमेतर देवी अन्नपाणी सोडते, पुढे द्राक्षासव नाकारून सातू आणि पुदिन्यासारखा पाला पाण्यात कालवून मागते. दीक्षा घेणारेही उपासानंतर तेच 'कीकेऑन' पीत. आतलं गुपित फोडलं तर देहदंड, त्यामुळे पुष्कळसा तपशील ख्रिस्ती विरोधकांच्या लेखनातून येतो. जपून वाचा.

प्रभाव म्हणाल, तर ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या पत्रांतला 'मिस्टेरिऑन' (रहस्य) हा शब्द मुळात या दीक्षाविधींचाच. पण ज्यूंच्या दानिएल ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात तो आधीच रुळला होता, तेव्हा 'थेट उचलला' म्हणायची घाई नको. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाची तर उलटीच तक्रार: मिथ्राच्या दीक्षेतली भाकरी आणि पाण्याचा पेला म्हणजे दुष्टात्म्यांनी केलेली आमची नक्कल! म्हणजे साम्य तेव्हाही डोळ्यांत खुपत होतंच.