वाचकांचे प्रश्न : कार्यालयाचा फोन इंटरनेटवर नेताना

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री असून पुण्यात विक्री कार्यालय आहे. जुन्या ईपीएबीएक्सचे (कार्यालयातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजचे) सुटे भाग आता मिळत नाहीत, म्हणून इंटरनेटवर चालणारी फोनव्यवस्था घेण्याचा विचार आहे. परंतु ती बेकायदा आहे असे काही जण सांगतात, तर तिच्यात आवाज तुटतो असे इतरांचे म्हणणे आहे. यात तथ्य किती?
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : बेकायदा असल्याची समजूत जुन्या नियमांतून आली आहे. इंटरनेट सेवा कंपन्यांना १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीची परवानगी मिळाली, पण असा कॉल देशातल्या लँडलाइनवर किंवा मोबाइलवर उतरवण्याची मुभा तीत नव्हती. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक टेलिफोन कंपन्यांसाठी हा मार्ग मोकळा केला. त्यामुळे सिप ट्रंक, म्हणजे तुमच्या यंत्रणेला इंटरनेटवरून बाहेरच्या फोनजाळ्याशी जोडणारी लाइन, अशाच कंपनीकडून घ्यावी. भारतातला परवाना नसलेल्या परदेशी सेवेचा स्वस्त दर पाहून तिच्याकडे वळू नये. शिरोली आणि पुणे यांच्यातले एक्स्टेंशन ते एक्स्टेंशन बोलणे इंटरनेटवरून खुशाल करावे. मात्र शिरोलीचा कॉल इंटरनेटवरून पुण्याला नेऊन तिथल्या लँडलाइनमधून बाहेर सोडणे म्हणजे लांब पल्ल्याच्या कॉलचे शुल्क चुकवणारा ‘टोल बायपास’; तो टाळावा. यंत्रणा बसवणाऱ्याने हे दोन मार्ग वेगळे ठेवले आहेत, असे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

आवाज तुटण्याची तक्रार खरी आहे, पण तिचे कारण बहुधा चुकीच्या जागी शोधले जाते. आवाज डिजिटल रूपात पाठवण्याच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८० ते १०० केबीपीएस लागतात, म्हणजे एकाच वेळी दहा जण बोलत असले तरी एक एमबीपीएसच्या आसपासच भागते. आवाज बिघडतो तो त्याची पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) उशिरा किंवा अनियमित अंतराने पोहोचल्यामुळे. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्याच जोडणीवरून सीसीटीव्हीचे चित्रण आणि मोठी ड्रॉइंग बाहेर जात असतील, तर अपलोड तुंबतो आणि समोरच्याला तुमचे शब्द अर्धवट ऐकू येतात. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य देणे, फोनचे जाळे संगणकांपासून वेगळे करणे आणि दुसऱ्या कंपनीची राखीव जोडणी ठेवणे, ही तिन्ही कामे फोनसंच विकत घेण्यापूर्वी व्हायला हवीत, कारण महागडा संच खराब जाळ्यावर सुधारत नाही.

माझ्या मते तुमच्यासारख्या कारखान्यापुढचा मोठा अडसर विजेचा आहे. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून सुमारे ४८ व्होल्ट मिळत, म्हणून कारखान्यात अंधार झाला तरी त्या तारेला थेट जोडलेला फोन वाजे. नव्या व्यवस्थेत फोन, स्विच, राउटर आणि फायबरचे यंत्र यांपैकी एकाची वीज गेली तरी सगळेच मुके होते. भट्टीजवळ अपघात झाला आणि ११२ लागेना, ही वेळ कोणावरही येऊ नये. म्हणून या चारही यंत्रांना यूपीएस द्यावा आणि गेटवर एक चार्ज केलेला मोबाइल कायम ठेवावा.

क्रमांकाचाही विचार आधीच करावा. लँडलाइन क्रमांकाला मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी नाही, त्यामुळे कंपनी बदलल्यास ग्राहकांना वर्षानुवर्षे पाठ असलेला क्रमांक जाऊ शकतो. सध्याचीच कंपनी तोच क्रमांक सिप ट्रंकवर देते का, हे प्रथम विचारावे. ती देत नसल्यास जुनी लाइन काही महिने चालू ठेवून तिचे कॉल नव्या क्रमांकाकडे वळवावेत.

प्रश्न : अशा यंत्रणेत कोणी घुसून परदेशी कॉल करतो, असे ऐकले. हे कसे टाळावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हे घडते, आणि बहुधा रात्री किंवा सुटीच्या दिवशी घडते, बिल मात्र ग्राहकाच्याच नावावर येते. आयएसडी ज्यांना खरोखर लागते तेवढ्याच एक्स्टेंशनवर चालू ठेवावी, कंपनीकडून खर्चाची कमाल मर्यादा बांधून घ्यावी आणि यंत्रासोबत आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत. बाहेरून यंत्रणेत शिरण्याचा मार्ग केवळ व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीतूनच) ठेवावा. वर्षाच्या देखभाल करारात सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचे काम लिहिलेले आहे का, हेही सही करण्यापूर्वी पाहावे.