पाण्यातला वाकडा देह

प्रश्न : वाडीतल्या जांभ्याच्या विहिरीत पोहणाऱ्या धाकट्या भावाची छायाचित्रे मी काठावरून काढतो, पण त्याचे पाय आखूड व वाकडे दिसतात आणि पाण्यावर पांढरी चकाकी येते. हे दोष कसे टाळावेत? – एक वाचक, मालवण

उत्तर : चकाकी जरूर टाळावी, वाकडेपणा मात्र टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे १.३३ असल्याने वरून पाहताना बुडालेला भाग खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल भासतो, म्हणून उभ्या देहाचे पाय आखूड होतात. शिवाय पृष्ठभागावरची प्रत्येक लहर किरणांना निराळ्या दिशेला वळवते, म्हणूनच पाठीवर उन्हाची ती सुंदर जाळी थरथरते. छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांनी १९१७ साली हंगेरीतल्या एस्टरगोम येथे पाण्याखालून जाणारा पोहणारा टिपला, तो याच मोडलेल्या रेषांसह. पुढे १९३३ मध्ये त्यांनी वक्र आरशांतल्या देहांची अख्खी मालिका केली.

चकाकी टाळण्यासाठी पोलरायझर फिल्टर, म्हणजे परावर्तित प्रकाश अडवणारी काच, भिंगापुढे लावावा, कॅमेऱ्याच्या रोखाचा पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन साधावा आणि फिल्टर सावकाश फिरवत राहावे. पाण्याखालचा शेवाळलेला चिरा स्पष्ट दिसू लागला, की तिथेच थांबून भावाला सूर मारायला सांगावे.