समुद्राच्या वेळापत्रकाने चला
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरे)

प्रश्न : ताई, माझं वय ४४. घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण या सगळ्यातून या वर्षी तीन दिवस मोकळे मिळताहेत. मला कुठल्याही ग्रुपबरोबर न जाता समुद्रकाठच्या एखाद्या छोट्या, देखण्या गावी एकटीने राहायचंय. घरच्यांचा विरोध नाही, पण 'एकटी जाऊन करणार काय?' असं सगळेच विचारतात, आणि तोच प्रश्न आता मलाही पडलाय. सकाळ कशीही जाईल. दुपार आणि विशेषतः संध्याकाळ अंगावर येईल असं वाटतं. आजूबाजूच्या दहा ठिकाणांचा कार्यक्रम आखून जाऊ का? गाव कसं निवडू?

उत्तर : जा, आणि दहा ठिकाणांची यादी घरीच ठेवा. तीन दिवसांत एकच गाव पुरे. दहा ठिकाणं बघायला गेलात तर समुद्र गाडीच्या खिडकीतूनच दिसेल.

'करणार काय' याचं उत्तर मी भूगोल शिकवणारी बाई म्हणून देते. समुद्रकाठच्या गावाला स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते आधीच छापलेलं असतं : भरती-ओहोटीचं कोष्टक. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं लागतात आणि या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी त्या गावाचं कोष्टक बघा. एकट्या माणसाने सुट्टी अशी निवडावी की पूर्ण ओहोटी सकाळी सातच्या आसपास येईल. मग सव्वाच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी साडेसातच्या आगेमागे पुन्हा ओहोटी. दुसऱ्या दिवशी ओहोटी आठला दहा कमी, तिसऱ्या दिवशी पावणेनऊच्या जरा आधी. तीन सकाळी आणि तीन संध्याकाळी चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. भर उन्हाच्या वेळी पाणी किनाऱ्यावर चढलेलं असतं, तेव्हा तुम्ही सावलीत बसा. तुमचा दिवस आखून झाला.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण येतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खोल आत हटतं, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. खडकांच्या डबक्यांतले जीव बघायची हौस असेल तर उधाणाचे दिवस घ्या. नुसतं निवांत बसायचं असेल तर भांगाचे बरे. एक गोष्ट मला फार सुंदर वाटते : एखाद्या ठिकाणी उधाणाची पूर्ण ओहोटी दर वेळी साधारण त्याच प्रहराला येते. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की त्या किनाऱ्याचं घड्याळ पुन्हा तीच वेळ दाखवतं. त्यामुळे एखाद्या गावी उधाणाची ओहोटी पहाटे-संध्याकाळी असते, तर दुसऱ्या गावी भर दुपारी. गाव निवडताना हे बघा, हॉटेलचे फोटो नंतर.

पाणी किती चढतं यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांतलं अंतर १६ मीटरपर्यंत जातं. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर मात्र ते काही सेंटिमीटरच असतं. तुम्ही निवडलेलं गाव अशा शांत समुद्रावर असेल तर वेळापत्रक वाऱ्याचं धरा. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून गार वारा आत येतो. दुपार एरवी जड वाटत असेल, पण समुद्रकाठी तीच वाऱ्याची वेळ. फक्त गार वाटतं म्हणून ऊन कमी समजू नका. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते आणि फेसाळ लाटा सुमारे २५ टक्के. टोपीखालचा चेहराही भाजतो तो त्यामुळे. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा.

आता चालण्याचा एक नियम, आणि हा मोडायचा नाही. पाणी पूर्ण ओसरण्याच्या दीड-दोन तास आधी निघा आणि ते पूर्ण ओसरलं की जिथे असाल तिथून मागे फिरा. भरती एकसारख्या वेगाने येत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. पहिल्या तासात माणूस निर्धास्त होतो आणि भूशिराला वळसा घालून पलीकडच्या वाळूत जाऊन बसतो. तिसऱ्या तासाला परतीची वाट पाण्याखाली जाते. बरोबर कुणी नसताना हा धोका दुप्पट, कारण 'चल, उशीर झाला' म्हणणारं शेजारी कुणी नसतं. हिरवं शेवाळ चढलेल्या खडकावर पाय देऊ नका. किनाऱ्यावर मरून पडलेल्या जेलीफिशलाही हात लावू नका, तिचे काटे मेल्यावरही डसतात.

संध्याकाळचं तुम्ही लिहिलंत ते मनापासून कळलं. सूर्य बुडल्यापासून जेवायला बसेपर्यंतचा तास खरोखर कठीण असतो. घरी त्या वेळी दिवे लागतात, कुणी ना कुणी हाक मारतं. त्या तासासाठी दोन गोष्टी आधीच ठरवा. पहिली, गाव पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्याचं निवडा. पूर्वाभिमुख किनाऱ्यावर सूर्योदय पाण्यावर होतो, पण संध्याकाळी पाण्यावरचा उजेड लवकर जातो. पश्चिमेला सूर्य गेल्यावरही बराच वेळ पाणी उजळ राहतं आणि माणसं हलत नाहीत. तुम्ही त्यांच्यातच बसलेल्या असता. दुसरी, दीपगृह दिसेल असं गाव मिळालं तर सोडू नका. प्रत्येक दीपगृहाच्या झोताची लय ठरलेली असते, शेजारच्या दीपगृहापेक्षा वेगळी, म्हणजे अंधारात खलाशाला आपण कुठे आहोत ते कळतं. हातातल्या घड्याळावर सेकंद मोजा आणि ती लय शोधून काढा. बारीक कडांच्या वर्तुळांनी बनलेलं फ्रेनेलचं भिंग १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात पहिल्यांदा बसलं आणि तेलाच्या दिव्याचा उजेड पूर्वीपेक्षा कितीतरी दूर जाऊ लागला. वर चढू देत असतील तर दिवसा चढा. पाण्याच्या कडेला उभं राहून क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं, ३० मीटर उंचीवरून ते जवळजवळ २० किलोमीटरवर जातं. खालून नुसती डोलकाठी दिसत होती ते जहाज वरून अख्खं दिसतं. वर्गात फळ्यावर पृथ्वीची गोलाई काढताना माझ्या मनात नेहमी हेच असायचं.

आणि बंदरावर जा. तोंड उथळ असलेल्या छोट्या बंदरात होड्या भरतीच्या पाण्यावरच आत-बाहेर करतात, म्हणजे तिथली गजबजही तुमच्या कोष्टकातच लिहिलेली असते. तिथे तुम्हाला कुणी 'एकट्याच का' विचारणार नाही, सगळे कामात असतात.

जेवणाची धास्ती वाटत असेल तर गर्दीच्या अर्धा तास आधी जा आणि भिंतीजवळची, दार दिसेल अशी जागा मागा. खोली घेताना रात्री तिथे कुणी माणूस असतो का, एवढं नक्की विचारा. गावात उजेडी पोहोचा, म्हणजे खोलीपासून पाण्यापर्यंतची वाट दिवसा पायाखालून जाते. घरी एकाच माणसाला पत्ता द्या आणि फोनची एक वेळ ठरवा, सकाळचं चालणं संपल्यानंतरची. त्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर त्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा. बाकी दिवसभर मेसेज पाठवत बसू नका. घरच्यांना तुमची खुशाली कळली की पुरे, तुमची सुट्टी त्यांना चालवायची नाही.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त गृहस्थ. तरुणपणी नदीत भरपूर पोहलो, अजूनही तलावात नियमित पोहतो. एकट्यानेच समुद्रकाठी चार दिवस राहायचा विचार आहे. मुलगा म्हणतो, 'बाबा, पाण्यात उतरायचं नाही.' तो अति काळजी करतोय का?

उत्तर : काळजी बरोबर, पण मनाई सरसकट नको. जीवरक्षक असतील तिथे, ते ड्यूटीवर असतील तेव्हाच उतरा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा म्हणजे त्यांची नजर असलेली जागा. लाल झेंडा असेल त्या दिवशी काठावरच बसा.

नदीच्या पोहणाऱ्याला समुद्रात एक गोष्ट नवी असते : रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जातं. फसवं असं की हा पट्टा बऱ्याचदा शांत दिसतो, दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये गडद, सपाट पाणी. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. त्याचा वेग एरवी सेकंदाला एक-दोन फूट असतो, पण आठ फुटांपर्यंतचा मोजला गेला आहे आणि त्यापुढे ऑलिम्पिकच्या जलतरणपटूचंही चालत नाही. हा प्रवाह खाली खेचत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो त्याच्याविरुद्ध हात मारून दमल्यामुळे. सापडलात तर तरंगा, हात वर करून मदत मागा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. मग लाटांबरोबर तिरके काठाकडे. पाणी फार गार असेल तर पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप धापा टाकतो, त्यामुळे सूर मारायचा नाही, हळूहळू उतरायचं. हे तुमच्या मुलाला वाचून दाखवा. बाबांना सगळं ठाऊक आहे हे बघून तो जरा निवेल.

प्रश्न : मिस्टर गेल्याला दोन वर्षं होतील. आम्ही दोघं दर हिवाळ्यात समुद्रावरच्या एकाच गावी जायचो. तिथेच एकटीने जावं, की नव्या गावी? मैत्रिणी म्हणतात, जुन्या ठिकाणी त्रास होईल.

उत्तर : त्रास होईलच. तरी मला वाटतं, तुम्हाला तिथेच जायचंय, नाहीतर तुम्ही विचारलंच नसतं. जा. फक्त नेहमीची खोली घेऊ नका, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहा. दोघं मिळून कधी गेला नाहीत अशी एक जागा शोधा, एखादी टेकडी किंवा किनाऱ्याचा पलीकडचा भाग, आणि पहिल्या दिवशी तिकडेच जा. तुमच्या दोघांच्या बाकावर दुसऱ्या दिवशी, सकाळी, पोट भरलेलं असताना. तिथे रडू आलं तर येऊ द्या, लाटांच्या आवाजात कुणाला कळतही नाही. पहिल्या खेपेला एकच रात्र धरा आणि परतीचं तिकीट पुढे-मागे करता येईल असं काढा. लवकर निघावंसं वाटलं तर निघता येईल, आणखी एक दिवस राहावंसं वाटलं तर तेही जमेल.