हिशोब माग, अर्थ मागू नकोस

बेटा,

तुझ्या आवडत्या कादंबरीवर वाचकांच्या वर्गणीतून सिनेमा निघतोय, तूही पैसे दिलेस आणि शूटिंग बघून आलीस. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत एक माणूस माठातलं पाणी पितो आणि युनिटमधले चाळीस जण त्याच्याकडे बघत राहतात, हे तू तक्रार म्हणून लिहिलंस. तुझ्या सहा पानी पत्रातलं मला तेवढंच वाक्य नीट बघून लिहिलेलं वाटलं. बाकी सगळा राग. नायकाचा चेहरा तुझ्या मनातल्यासारखा नाही, नदीकाठचं आत्मचिंतन कापलं, धाब्याच्या घराला भलताच निळा रंग दिला. आणि जेवणाच्या सुट्टीत शेवभाजीचं ताट हातात असताना तू दिग्दर्शकाला विचारलंस, "या कादंबरीचा अर्थ तुम्हाला कळलाय का?" तो गप्प बसला. तू एसटीत चोपड्यापर्यंत रडलीस.

क्लासच्या पगारातून वर्गणीचे पाच हजार काढून द्यायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. पण शूटिंग दोनदा पुढे ढकललं, जमलेल्या पैशाचं काय झालं याची एक ओळ वर्षभरात कुणी कळवली नाही, हे तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस. ते का नाही विचारलंस? "बरं दिसलं नसतं" म्हणे! अर्थ विचारताना संकोच नाही आणि हिशोब विचारायची लाज? नेमकं उलटं केलंस. हिशोब माग, अर्थ मागू नकोस.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. तुझी कादंबरी साडेतीनशे पानांची, सिनेमा दोन तासांचा. कापाकापी होणारच, आणि आधी कात्री लागते ती मनातल्या मनात चालणाऱ्या बोलण्याला, कारण कॅमेऱ्याला मन दिसत नाही, माठ दिसतो. अमेरिकन लेखिका आयन रँड यांची १९५७ सालची कादंबरी 'ॲटलस श्रग्ड' घे. तिच्यावरच्या तिसऱ्या चित्रपटासाठी २०१३ मध्ये किकस्टार्टर या वर्गणी जमवणाऱ्या संकेतस्थळावर तुझ्यासारख्याच वाचकांनी पैसे दिले. कादंबरीत पन्नासहून जास्त पानं चालणारं रेडिओवरचं भाषण त्या सिनेमात काही मिनिटांत आटोपलं. तिन्ही भागांत मुख्य भूमिकांतले नट वेगवेगळे. त्या वाचकांनी कोणता चेहरा मनात धरायचा? तुला निदान एकच चेहरा नावडला.

आणि आपल्या शेजारच्या गुजरातेत बघ. १९७६ सालचा 'मंथन' हा सिनेमा पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांवर उभा राहिला. दिग्दर्शक श्याम बेनेगलांना शॉट कसा लाव हे त्यांनी सांगितलं नाही. सिनेमा लागला तेव्हा ट्रक भरभरून आले आणि बघून गेले. पण ही माणसं हिशोबाला कच्ची होती असं समजू नकोस. सहकारी डेअरीत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घालणारी, फॅट किती लागलं त्यावर भाव मिळवणारी माणसं ती. दशांशातला फरक त्यांना कळत होता. हिशोब कुठे मागायचा आणि कुठे नुसतं बसून बघायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तुला मात्र शिकवावं लागतंय, आणि तू एम.ए. आहेस.

मलाही कुणी शिकवलं नव्हतं. मी अमळनेरचा. १९१६ साली प्रताप शेठजींनी गिरणीच्या पैशातून इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, साने गुरुजीही शिक्षक होण्याआधी तिथे शिकायला आले होते. त्या इमारतीवरून सायकलने जाता-येता मला वाटायला लागलं होतं की विचार म्हटला की तो आपल्याच घरचा. १९८७ साली आम्ही धुळ्यात अशाच एका चिंतनपर कादंबरीचं नाटक बसवायला घेतलं. मी खजिनदार. अकरा, एकवीस, एकावन्न अशी वर्गणी गावोगाव फिरून जमवली. तालमीत दिग्दर्शकाने तिसऱ्या अंकातलं दोन पानी स्वगत काढलं आणि नटाला नुसतं ओट्यावर बसवलं. मी पावतीपुस्तक टेबलावर आपटलं. म्हणालो, पैसे मी जमवलेत, स्वगत राहील. त्याने संहिता मिटली आणि गेला. नाटक झालंच नाही.

त्या स्वगताबाबत माझं चुकलं नव्हतं. आजही सांगतो, ती दोन पानं म्हणजेच ती कादंबरी होती, ती काढायला नको होती. वाचक म्हणून मी रात्रभर भांडलो असतो तर कदाचित तोही भांडला असता. पण मी पावतीपुस्तक घेऊन भांडलो. पावती दाखवली की समोरचा बोलायचा थांबतो. तुझा दिग्दर्शक का गप्प बसला, आता कळलं?

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. सहा-सात महिन्यांनी पारोळ्याच्या स्टँडवर एक म्हातारे शेतकरी भेटले, कापसाच्या पैशातून एकावन्न रुपये दिलेले. त्यांनी विचारलं, "पैसा कोठे गयात, भाऊ?" मी त्यांना वीस मिनिटं कलेबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि गाडीत चढले. हिशोब एका पानाचा होता गं. हॉलची आगाऊ रक्कम, कापड, प्रवास, चहा. उरलेले सहाशे चाळीस रुपये माझ्या कपाटात होते. पगार तीन महिने थकला होता, ते घरात खर्च झाले. लुबाडायचं मनात नव्हतं. मागे लागणारं कुणी नव्हतं, विचारणारे ते एकटेच, आणि त्यांना मी गप्प केलं. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून स्टँडवरच बसवलं असतं, तर मी ते पान तिथेच लिहून दिलं असतं आणि पुढची इतकी वर्षं पारोळ्याची गाडी टाळली नसती. म्हणून हिशोब माग म्हणतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठीसुद्धा माग.

आज रात्रीच निर्मात्याला लिही. किती जमले, किती खर्च झाले, उरलेल्यात किती दिवसांचं शूटिंग होईल. इतकंच. कादंबरीचं नावही त्यात आणू नकोस. आणि दिग्दर्शकाला वेगळं लिहायचं असेल तर पाच हजारांचा उल्लेख न करता लिही, पानं कितीही होऊ देत.

आवाजवाल्याने सगळ्यांना अर्धा मिनिट पुतळ्यासारखं उभं केलं, त्यालाही तू वेडेपणा म्हटलंयस. रिकाम्या घराचा आवाज घेत होता तो. माणसं बोलायची थांबली की त्या घरात जे उरतं, ते तो संवादांच्या खाली अंथरणार. तुझं कापलेलं आत्मचिंतन त्यातून ऐकू येतं का, ते सिनेमा लागल्यावर बघ.

रविवारी आलीस तर पावतीपुस्तक काढून ठेवतो. एकावन्न रुपयांची ती स्थळप्रत अडतिसाव्या क्रमांकावर आहे. नावापुढे गाव लिहिलंय, गल्ली नाही. त्यांच्या घरचं कुणी तिथे असेल तर जायचंय. तू सोबत चल.

तुझा,
काका