बारावी, जेईई आणि सीईटी एकाच वेळी

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे. बोर्ड, जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी, तिन्ही देणार. रात्री दोनपर्यंत जागते, तरी सराव परीक्षेत डोकं रिकामं होतं म्हणते. काय करावं?
– एक पालक, नाशिक

उत्तर : आधी झोप. चार तास झोपून केलेलं पाठांतर सकाळी टिकत नाही. किमान सात तास हवेतच. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद.

तिन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा एकच आहे, त्यामुळे तीन वेगळी वेळापत्रकं करू नयेत. धडा एकदाच करावा, सराव मात्र परीक्षेप्रमाणे बदलावा. सीईटीत भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. जेईईत चूक झाली की एक गुण जातो. सीईटीची एकही प्रश्न न सोडायची सवय तिकडे गेली की घोटाळा होतो. बोर्डाला पायऱ्यांचे गुण असतात, तिथे हाताने लिहूनच सराव हवा.

सराव परीक्षा आठवड्याला एकच पुरे. रोज पेपर सोडवून घेणारे क्लास आम्हाला पटत नाहीत, कारण चुका तपासायला वेळच उरत नाही. चुकांपुढे खूण करावी : ‘आलंच नाही’, ‘घाई’, ‘वेळ संपला’. घाईच्या चुकांवर आणखी वाचन हा उपाय नव्हे.

पेपरात डोकं रिकामं झालं तर पेन खाली ठेवून चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा, असं पाच वेळा. मग ज्याचं उत्तर येतं अशा प्रश्नाकडे वळावं.

दोन आठवडे जेवण-झोप उडाली, रडू आवरेना, तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.