रत्नागिरीत भाड्याचा फ्लॅट सोडायचाय, मालक मुंबईला असतो, नोटीस कशी द्यायची?

आधी अ‍ॅग्रीमेंट काढून लॉक-इन (म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडायचं नाही असं ठरलेलं असतं ती) बघा. आपल्याकडे बहुतेक ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असतं, त्यातच नोटीस पिरियड लिहिलेला असतो, साधारण एक महिना, आणि लॉक-इनच्या आत निघालात तर मालक उरलेलं भाडं मागू शकतो. फोनवर "काका, पुढच्या महिन्यात सोडतोय हां" एवढ्याने भागत नाही, काका हो म्हणतात नि डिपॉझिटच्या वेळी विसरतात. फ्लॅट नंबर आणि सोडायची तारीख टाकून दोन ओळींचं पत्र अ‍ॅग्रीमेंटवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाका.

खरी भांडणं भिंतींवरून होतात. पावसाळ्यात समुद्राकडच्या भिंतीला बुरशी धरतेच, ग्रिल गंजतं, आणि मग मालक डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतो म्हणतात (मुंबईत बसून काय दिसणार म्हणा!) त्यामुळे सामान हलवल्यावर रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, महावितरणच्या मीटरचं रीडिंगही त्यातच घ्या. अ‍ॅग्रीमेंटची मुदत संपल्यावर मात्र रेंगाळू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याच्या हिशोबाने भरपाई लागू शकते. आणि चावी ज्याच्या हातात द्याल त्याच्याकडून लिहून घ्या.